समुद्र गुहागरलाही आहे, मग फेतियेला कशाला?

वाचकाचं पत्र

ताई, आम्ही इंग्लंडमध्ये स्लाऊला राहतो. सासू-सासरे चिपळूणहून तीन महिन्यांसाठी येताहेत. मेच्या शेवटच्या आठवड्यात मुलीच्या शाळेला सुट्टी आहे, तेव्हा सगळे मिळून तुर्कस्तानातल्या फेतियेला सात रात्री जायचं असं नवऱ्याच्या डोक्यात आहे. त्याला खाण्यापिण्यासकट सगळं एकाच पैशात देणारं हॉटेल घेऊन तिथून हलायचंच नाही. सासरे इतिहासाचे निवृत्त शिक्षक. ते म्हणतात, "समुद्र बघायला एवढ्या लांब कशाला? तो गुहागरला आहेच की." सासूबाई माळकरी, त्यांचे गुडघे दुखतात. मुलगी नऊ वर्षांची. मैत्रीण म्हणते, एवढ्या दिवसांत इस्तंबूल, कप्पादोकिया, पामुक्काले सगळं उरकतं. मला स्वतःला पॅराग्लायडिंग करायचंय, पण घरात बोलायची सोय नाही. समुद्रकाठच्या एका गावात सात दिवस काढणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं आहे का?

— स्लाऊची एक सून

उत्तर

नाही, मुळीच नाही. आणि मैत्रिणीचं ऐकू नकोस. कप्पादोकिया फेतियेपासून साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास, इस्तंबूल त्याहून लांब. गुडघे दुखणाऱ्या बाईला आणि नऊ वर्षांच्या पोरीला घेऊन एका आठवड्यात हे सगळं करायचं म्हणजे अर्धा आठवडा बसच्या खिडकीत आणि विमानतळाच्या रांगेत जाणार. फेतियेतले एजंट पामुक्कालेची एका दिवसाची सहल विकतात. जाऊन येऊन 400 किलोमीटर! पहाटे उठायचं, रात्री परतायचं आणि मधल्या भर उन्हात दोन-तीन तास पांढऱ्या कातळावर अनवाणी चालायचं. सासूबाईंना हे करायला लावू नकोस. एक गाव धरून राहा.

आता नवऱ्याचं. त्याला हलायचं नाही, कारण तो वर्षभर थकलेला असतो, हे मला समजतं. सातातले दोन दिवस पूर्ण त्याचे. कुणी काही दाखवायचं नाही, कुणी उठवायचं नाही, हे आधीच कबूल करून टाक. पण सगळं एकात मिळणारं मोठं हॉटेल मात्र घेऊ नका. ती बहुतेक गावाबाहेर असतात, जेवणाचे पैसे आधीच भरलेले असतात, मग माणूस बाहेर जेवत नाही, आणि बाहेर जेवत नाही म्हणून बाहेर पडतच नाही. फेतियेत राहायचं तर गावात, बंदराच्या काठाला. स्वयंपाकघर असलेली, दोन खोल्यांची जागा घ्या. काठावरचा रस्ता सपाट आहे, जागोजागी बाकं आहेत, चहाची दुकानं आहेत. सासूबाई एकट्यासुद्धा संध्याकाळी फिरून येऊ शकतील, आणि परगावात म्हाताऱ्या माणसाला हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. फेतियेजवळच्या ओल्युदेनिझ या प्रसिद्ध किनाऱ्याच्या वर हिसारोन्यु नावाची वस्ती आहे, तिथली हॉटेलं स्वस्तात दिसतील. रात्री उशिरापर्यंत तिथे इंग्रजी गाण्यांचा गोंगाट असतो. तुम्ही पाच जण तिथे रमणार नाही.

सासऱ्यांचा प्रश्न मात्र चांगला आहे, त्याला नीट उत्तर द्यायला हवं. त्यांना सांग, हा समुद्र वेगळा आहे. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नाहीच. सकाळी पाणी ज्या दगडाला टेकलेलं असतं, संध्याकाळीही साधारण तिथेच. वाशिष्ठीच्या खाडीचं पाणी भरतीला कसं चढतं हे जन्मभर पाहिलेल्या माणसाला हे पहिल्या दिवशी चमत्कारिक वाटेल. शिवाय पाण्यात गाळ कमी आणि सूक्ष्म जीवांचं खाद्यही कमी, त्यामुळे ते इतकं नितळ की गळाभर पाण्यात उभं राहून स्वतःच्या पायाची बोटं दिसतात. अरबी समुद्रापेक्षा थोडं जास्त खारट असल्यामुळे अंग सहज तरंगतं. मुलीला पोहायला शिकवायचं तर याहून बरी जागा नाही. मे संपताना पाणी जरा गार असतं, आत शिरताना अंग शहारतं, मग बरं वाटतं.

पण समुद्रासाठीसुद्धा जागा निवडावी लागते. ओल्युदेनिझचे जे फोटो सगळीकडे दिसतात, त्यात दोन किनारे आहेत, हे लोकांच्या लक्षात येत नाही. एक बेल्जेकीझचा मोठा उघडा किनारा, तिथे गोटे आहेत आणि चार पावलांत खोल होतं. दुसरं आतलं तळं, वाळूच्या दांड्याने समुद्रापासून जवळजवळ तोडलेलं. तिथे तिकीट काढून आत जावं लागतं, पण पाणी शांत आणि काठाला उथळ. मुलीला आणि आजी-आजोबांना आतल्या तळ्यावरच न्या, सकाळी दहाच्या आत, नंतर छत्र्यांना जागा उरत नाही. पाण्यात घालायचे रबरी बूट सगळ्यांसाठी घ्या, गोट्यांवर अनवाणी चालणं गुडघ्यांना वाईट. सासूबाई पंजाबी ड्रेस घालून पाण्यात उतरल्या तर कुणी वळूनही बघणार नाही. तिथल्या कितीतरी बायका अंगभर कपड्यांतच पोहतात.

सासऱ्यांसाठी खरा खजिना वेगळाच आहे. फेतिये म्हणजे प्राचीन तेल्मेसोस, लिशिया नावाच्या प्रदेशातलं शहर. गावाच्या मागच्या कड्यात खोदलेल्या कबरी बंदरावरूनही दिसतात. त्यातली सर्वांत मोठी अमिंतासची, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातली, अख्ख्या देवळाचा दर्शनी भाग कातळात कोरलेला, खांबांसकट. वर जायला बऱ्याच पायऱ्या आहेत. संध्याकाळी ऊन उतरल्यावर तू, मुलगी आणि सासरे जा. सासूबाईंनी खालूनच बघावं, रात्री दिवे लावतात तेव्हा खालूनच ती जास्त छान दिसते. दगडी शवपेट्या तर गावात रस्त्याच्या मधोमध आहेत, गाड्या त्यांना वळसा घालून जातात. बंदरासमोर जुनं नाट्यगृह आहे. बाकी गाव नवं दिसेल, कारण एप्रिल 1957 मधल्या भूकंपात बरंचसं फेतिये कोसळलं. त्यातून वाचलेला जुना भाग म्हणजे पास्पातुरचा बाजार. गावाचं नावही नवंच, 1934 मधलं. 1914 मध्ये विमान कोसळून मेलेल्या फेती बे नावाच्या ऑटोमन वैमानिकावरून ते पडलं. त्याआधी गावाला मेग्री म्हणत.

गावातलं वस्तुसंग्रहालय लहान आहे, बरेच लोक तिकडे फिरकतही नाहीत. सासऱ्यांना तिथे नक्की ने. लेतून इथल्या देवस्थानात 1973 मध्ये सापडलेला एक शिलालेख तिथे उभा आहे. एकाच दगडाच्या वेगवेगळ्या बाजूंवर तोच मजकूर तीन भाषांत: लिशियन, ग्रीक आणि अरामी. नव्या देवाचं ठाणं बसवलं, पुजारी नेमला, देवस्थानाला जमीन लावून दिली, आणि हे जो मोडेल तो देवांचा अपराधी, असा त्याचा आशय. लिशियन भाषा उलगडायला या दगडाची फार मदत झाली. वर्गात ताम्रपट आणि दानलेख शिकवलेला माणूस तिथून लवकर हलणार नाही, तेव्हा मुलीला आधी आइस्क्रीम देऊन बाहेर बसव.

एक काम मात्र निघण्याआधी करा. स्लाऊहून लंडन जवळच आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये फुकट प्रवेश असतो, तिथल्या 17 क्रमांकाच्या दालनात झांथोसचं नेरीड स्मारक, म्हणजे देवळासारखी बांधलेली कबर, उभं केलेलं आहे. लिशियाचं मुख्य शहर झांथोस फेतियेहून गाडीने तासाभरावर. चार्ल्स फेलोज नावाच्या इंग्रजाने 1840 च्या दशकात तिथली शिल्पं जहाजांत घालून लंडनला नेली. आधी लंडनला ते स्मारक बघायचं आणि मग झांथोसला त्याचा उरलेला चौथरा, हा क्रम सासऱ्यांना आवडेल. चौथरा पाहून त्यांना काय वाटेल ते मी सांगायला नको, आपल्याकडच्याही कितीतरी वस्तू त्याच इमारतीत आहेत.

झांथोसहून पुढे पाताराला जा. लिशियातल्या शहरांचा एक संघ होता, त्याची सभा भरायची ती जागा पातारामध्ये दुरुस्त करून उभी केली आहे, दगडी पायऱ्यांची अर्धगोल बैठक. स्ट्राबो या प्राचीन ग्रीक भूगोलकाराने लिहून ठेवलंय की संघात 23 शहरं होती आणि मोठ्या शहराला तीन मतं, मधल्याला दोन, लहानाला एक. अठराव्या शतकात मोंतेस्क्यू या फ्रेंच विचारवंताने संघराज्याचा नमुना म्हणून लिशियाचंच नाव घेतलं. त्या पायऱ्यांवर बसून सासऱ्यांना नातीला मतांची ही वाटणी समजावून सांगू दे. मग भग्नावशेषांपलीकडेच मैलोन्‌मैल वाळूचा किनारा आहे, तिथे मुलीला सोडा. या दिवसासाठी गाडी भाड्याने घ्या किंवा टॅक्सी दिवसभरासाठी ठरवा. सावली कमी आहे, सासूबाईंनी हवं तर हा दिवस घरी आराम करावा. नवऱ्याचा आरामाचा एक दिवस नेमका याच दिवशी ठेवलास तर दोघांचं जमेल.

आता कायाक्योय. फेतियेत एकच गोष्ट बघायला वेळ असता, तर मी हीच सांगितली असती. गावापासून आठेक किलोमीटरवर, डोंगर चढून पलीकडे उतरलं की एका उतारावर शेकडो दगडी घरं दिसतात. छप्पर एकालाही नाही. हे लेविसी नावाचं ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचं गाव होतं. पहिल्या महायुद्धानंतर ग्रीस आणि तुर्कस्तान लढले, ग्रीस हरला, आणि जानेवारी 1923 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला दोन्ही देशांनी माणसांची अदलाबदल ठरवली. निकष धर्माचा. तुर्कस्तानातले सुमारे 12 लाख ख्रिस्ती ग्रीसला, ग्रीसमधले चार लाखांच्या आसपास मुसलमान इकडे. यातल्या बऱ्याच जणांना जिथे पाठवलं तिथली भाषासुद्धा धड येत नव्हती. लेविसीचे लोक गेले, त्यातल्या काहींनी अथेन्सजवळ नवं गाव वसवलं आणि त्याला आपल्या बंदराचं, म्हणजे मेग्रीचं, नाव दिलं, नेआ माक्री. इकडे आलेल्या मुसलमान कुटुंबांना हा चढ आणि ही जमीन मानवली नाही, ती दुसरीकडे गेली. लाकूड, दारं, खिडक्या हळूहळू निघून गेल्या, 1957 च्या भूकंपाने राहिलेलं खिळखिळं केलं.

तिथे गेलात की वरपर्यंत पोचायची घाई करू नका. एखाद्या घराच्या आत उभ्या राहा. भिंतीतल्या कोनाड्यात निळ्या चुन्याचा हात अजून दिसतो. चुलीचं धुराडं शाबूत असतं, खाली राखेऐवजी अंजिराचं झाड उगवलेलं. दाराशी पावसाचं पाणी साठवायचं टाकं. घरं अशी बांधलीत की कुठल्याही घराने मागच्याचा उजेड अडवलेला नाही, इतक्या उतारावर इतकी दाटी असूनही. खालच्या चर्चच्या अंगणात काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी आहे. आत जाऊ देतील की नाही हे दुरुस्तीच्या कामावर असतं, पण बाहेरूनही बघण्यासारखं आहे. फाळणीबद्दल तुझे सासरे नातीशी कधी बोलले असतील-नसतील, इथे तो विषय आपसूक निघेल. निघू दे. नऊ वर्षांच्या मुलीला हे कळतं.

दुपारी चारनंतर जा. सासूबाईंना चढायचं कारण नाही, पायथ्याशी झाडाखाली ग्योझलेमे करणाऱ्या बायका असतात, त्यांच्याजवळ बसवा. बुटक्या गोल पाटावर हाताएवढ्या लांब, काठीसारख्या बारीक लाटण्याने कणकेचा गोळा इतका पातळ लाटतात की पाटाची शीर खालून दिसावी. मग त्यात पालक, बटाटा किंवा चीज, घडी घालून उपड्या तव्यावर, वरून लोणी. सासूबाई भाषेविना त्या बाईशी अर्धा तास गप्पा मारतील याची मला खात्री आहे. बटाट्याचं मागा, त्यात कांदा असतो का तेवढं विचारा, माळकऱ्यांच्या घरी कुणी कांदा-लसूण खातं, कुणी नाही.

सासूबाईंच्या जेवणाचं जरा सविस्तर लिहिते, कारण सहली इथेच बिघडतात. तुर्की जेवणात भाज्या भरपूर आहेत, अडचण लपलेल्या मांसाची आहे. मसुराचं सूप, मेर्जिमेक, सगळीकडे मिळतं, पण काही ठिकाणी ते मटणाच्या पाण्यात शिजवतात. भाताचंही तसंच, कोंबडीचं पाणी असू शकतं. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या दोन प्रकारच्या: ऑलिव्ह तेलातल्या, थंडच वाढतात त्या बिनमांसाच्या. गरम येतात त्यांत बहुतेक खिमा. "झेयतिनयाली" असं लिहिलेला सगळा विभाग, म्हणजे तेलात शिजवून गार वाढलेल्या वांगी, घेवडा, आर्टिचोकच्या भाज्या, सासूबाईंसाठी. नुसतं "एत योक," म्हणजे मांस नाही, असं सांगितलं तर कोंबडी चालते असा अर्थ घेणारे खूप आहेत. म्हणून कोंबडी आणि मासा दोन्हींची नावं घेऊन सांगा: तावुक योक, बालिक योक. एका कागदावर हॉटेलवाल्याकडून तुर्कीत लिहून घ्या, तो कागद सात दिवस पर्समध्ये ठेवा.

मंगळवारी कालव्याकाठी मोठा आठवडी बाजार भरतो. त्या दिवशी बाकी काही ठरवू नका. टोमॅटो, कोवळी भेंडी, चेरी, तुती, ऑलिव्हचे पंधरा प्रकार. आणि सासूबाईंना सेमिझओतूची जुडी दाखव. ती घोळाची भाजी आहे! तिथे दह्यात कच्ची कालवून खातात. स्वयंपाकघर असलेली जागा घ्या म्हटलं ते एवढ्यासाठीच. घरून मूगडाळ आणि गोडा मसाला न्या, त्या संध्याकाळी त्यांच्या हातचा स्वयंपाक होऊ दे. बाजारात कपडे आणि चामड्याच्या पिशव्यांकडे खेचणारे खूप भेटतील, नाव छापलेला माल नकली असतो. घासाघीस चालते, खाण्याच्या जिनसांवर मात्र करू नये.

सासरे मासे खात असतील तर त्यांना मासळी बाजारात न्या. मधोमध कोळ्यांचे गाळे, भोवतीनं खानावळी. मासा आपण निवडायचा, तोलून पैसे द्यायचे, मग हव्या त्या खानावळीत नेऊन भाजून घ्यायचा, त्याची मजुरी वेगळी. मजुरीत सॅलड आणि पाव धरलेत का, ते बसण्याआधी विचारा. लेव्रेक आणि चिपुरा हे दोन मासे सगळीकडे दिसतील, त्यातले बरेच याच मुला प्रांतातल्या समुद्री पिंजऱ्यांत वाढवलेले असतात. "देनिझ" म्हणजे समुद्रातला, "चिफ्तलिक" म्हणजे पाळलेला, असं विचारून घेतलं की भावातला फरक कळतो. मासा नुसता मीठ-तेल लावून निखाऱ्यावर येतो, सोबत लिंबू. मालवणी मसाल्याची सवय असलेल्याला पहिला घास अळणी लागेल. दोन घास धीर धरायला सांग, ताज्या माशाला खरंच काही लागत नाही.

एक दिवस बोटीचा हवाच. बंदरावर बारा बेटांच्या सहलीच्या बोटी उभ्या असतात, सकाळी साडेदहाच्या सुमारास सुटतात, संध्याकाळी सहापर्यंत परत. ग्योजेकच्या खाडीतल्या बेटांपाशी थांबत जातात, जेवण तिकिटात असतं, पाणी आणि चहाचे पैसे वेगळे. बोट निवडताना एवढंच बघ: आदल्या संध्याकाळी धक्क्यावर जा, बोट लहान आहे का, वर सावली किती, शिडीला कठडा आहे का, आणि मोठाले स्पीकर टांगलेले आहेत का. चाच्यांच्या जहाजासारखी सजवलेली दुमजली बोट मुलीला आकर्षक वाटेल, तिच्यात दिवसभर फेसाचे फवारे आणि कानठळ्या बसवणारं संगीत असतं. ती नको. साधी लाकडी बोट घ्या. यासीजाच्या सपाट बेटांपाशी मुलीला उतरू दे, पाणी उथळ आहे. सासूबाईंना पुढच्या गाद्यांवर बसू दे, त्यांना दिवसभर एक पाऊलही चालावं लागत नाही, आणि डोळ्यांना सगळं मिळतं. बिनमांसाच्या जेवणाचं आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा.

गुडघ्यांना सोपा असा दुसरा दिवस दाल्यानचा. फेतियेहून 75 किलोमीटरच्या आसपास. तिथे नदीत बोटीत बसायचं, कावनोस या प्राचीन शहराच्या कातळातल्या कबरी काठावरून बघायच्या, आणि वेताच्या दाटीतून वळणं घेत इझतुझूच्या वाळूच्या दांड्यावर पोचायचं, एका अंगाला गोडं पाणी, दुसऱ्या अंगाला समुद्र. इथे लॉगरहेड जातीची कासवं अंडी घालतात. 1980 च्या दशकात या किनाऱ्यावर मोठं हॉटेल उभं राहणार होतं, जून हैमॉफ नावाची एक इंग्रज बाई वाळूवर झोपडी बांधून राहायची, तिने आणि तुर्की निसर्गप्रेमींनी आवाज उठवला, काम थांबलं, आणि 1988 मध्ये हा भाग संरक्षित झाला. चिपळूणच्या माणसांना हे जवळचं वाटेल, वेळासच्या कासवांसाठी काम उभं केलं ते चिपळूणच्याच सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने. मे ते ऑक्टोबर रात्री आठ ते सकाळी आठ किनारा बंद असतो, तो का, हे मुलीला समजावून सांग, आणि खुणा केलेल्या पट्ट्यात छत्रीची काठी रोवू नका, खाली घरटं असतं. चिखलाच्या स्नानाला बोटवाले आग्रह करतील. गंधकाचा वास आणि गरम पाणी, सासऱ्यांना रक्तदाब असेल तर नको.

साक्लीकेंतची घळ मुलीला फार आवडेल, पण मेअखेरीचं लक्षात ठेव. वरच्या डोंगरांतलं बर्फ वितळत असतं, पाणी बर्फासारखं गार आणि ओढ जोरदार. कड्याला ठोकलेल्या लाकडी पुलावरून पहिला टप्पा सगळे जाऊ शकतात, पुढे प्रवाह ओलांडून आत जायचं की नाही हे तिथले रखवालदार सांगतील तसं. ते नको म्हणाले तर हट्ट नाही. वर आभाळ भरलं असेल तर जाऊच नका. पाण्यावर बांधलेल्या माच्यांवर लोळत ताक प्यायचं, हाही कार्यक्रम पुरेसा आहे. जाता-येता त्लोसचा किल्ला रस्त्यातच आहे.

आता तुझं. बाबादा डोंगर 1,900 मीटरहून उंच, आणि थेट समुद्रातून उठलेला, म्हणून जगभरचे पॅराग्लायडर तिथे येतात. 2021 पासून वर जायला केबल कार आहे. तेव्हा असं कर: सगळ्या घराला केबल कारने वर ने. न उडणाऱ्यांनाही वरून ओल्युदेनिझचं तळं दिसतं, तिथे चहा मिळतो. आणि तू उड. पायलट पाठीशी बांधलेला असतो, तुला चार पावलं पळायचं आणि मग बसून राहायचं, अर्ध्या तासात खाली किनाऱ्यावर. घरात चोरून नको, मुलीच्या आजीला सांगून उड. मला वाटतं विरोध तू धरून चालली आहेस तेवढा होणार नाही, त्यांना आधी विचारून तर बघ. सकाळची वेळ घे, तेव्हा वारा शांत असतो. वाऱ्यामुळे थांबायला सांगणारा पायलट चांगला पायलट, त्याला घाई करू नकोस. रस्त्यात अडवून स्वस्तात नेतो म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नकोस, परवाना दाखवणाऱ्या कंपनीत नाव नोंदव. प्रवासाच्या विम्यात पॅराग्लायडिंग धरलेलं आहे का ते वाच, बहुतेक साध्या विम्यांत नसतं, थोडे पैसे भरून वाढवता येतं. मुलगी हट्ट करेल. तिला नऊ वर्षांची असताना नाही म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे.

गावातल्या गावात फिरायला दोल्मुश, म्हणजे आपल्या सहा आसनीची मोठी बहीण, सतत चालू असतात. ओल्युदेनिझ, कायाक्योय, चालिश, सगळीकडे जातात. चालिशला एकदा तरी बोटीने जा, गावच्या धक्क्यावरून पाण्यातली टॅक्सी सुटते आणि तिथून सूर्यास्त समोर दिसतो.

पैशांचं: लिराची किंमत घसरत असते आणि भाव भराभर बदलतात, त्यामुळे जुन्या लेखांतले आकडे धरून चालू नका. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, बाजार आणि दोल्मुशसाठी सुटे लिरा ठेवा.

शेवटी कागदपत्रं, आणि हे काम आजच हाती घे. तुम्ही तिघं ब्रिटिश पासपोर्टवर असाल तर अडचण नाही. सासू-सासऱ्यांचे पासपोर्ट भारतीय. ब्रिटनचा चालू व्हिसा असलेल्या भारतीयांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळू शकतो, पण त्यांचा ब्रिटनचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला आहे की फक्त डिजिटल, यावर बरंच अवलंबून आहे. तुर्कस्तान सरकारच्या अधिकृत ई-व्हिसा संकेतस्थळावर अटी तू स्वतः वाच, त्याच्यासारखी दिसणारी जादा पैसे उकळणारी संकेतस्थळं खूप आहेत. ब्रिटनचा व्हिसा पुन्हा-पुन्हा प्रवेशाचा आहे ना, हेही बघ, नाहीतर परतताना ते दोघं फेतियेजवळच्या दालामानच्या विमानतळावर अडकतील. या दोन गोष्टी पक्क्या झाल्याशिवाय विमानाची तिकिटं काढू नकोस.